धोक्याचे गॅम्बिट तपासायचे कसे? (लेक एंग्लुंड खेळून हरली, त्यावरून)

प्यादं_पुढे (शनिवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. कॉलेजात असताना मी बऱ्यापैकी बुद्धिबळ खेळायचे. नंतर पट माळ्यावर गेला आणि आता अकरा वर्षांच्या लेकीमुळे पुन्हा खाली आलाय.

लेकीने व्हिडिओ बघून एंग्लुंड गॅम्बिट उचलला. (गॅम्बिट म्हणजे डावाच्या सुरुवातीलाच काहीतरी मिळवण्यासाठी प्यादं देणं. पुढच्या चालींत अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी.) पांढऱ्याने डी४ केलं की काळ्याने थेट ई५. प्यादं मारलं की घोडा सी६, पांढऱ्याचा घोडा एफ३, काळ्याचा वजीर ई७, उंट एफ४, वजीर बी४ शह, उंट डी२, आणि वजिराने बी२ चं प्यादं खायचं. इथे पांढऱ्याने वजिराला हाकलायला उंट सी३ केला की खेळ खलास. काळ्याचा उंट बी४, वजीर डी२, सी३ वर मारामारी, आणि काळा वजीर सी१ वर जाऊन मात. ऑनलाइन तीन मिनिटांच्या डावांत तिने हे इतक्यांना दाखवलंय की घरात ‘सी१!’ अशी आरोळी आली की आम्हाला कळतं काय झालं ते.

गेल्या रविवारी स्पर्धेत नव्वद मिनिटांचा डाव होता. समोर तिच्याच वयाचा मुलगा. बी२ खाईपर्यंत सगळं जसंच्या तसं झालं. मी दाराच्या काचेतून बघत होते. त्या मुलाने हात उंटाकडे नेला, थांबला, हात मागे घेतला आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसला. अकरा मिनिटं. मग खेळला घोडा सी३. लेकीने उंट बी४ केला, त्याने हत्ती बी१, तिचा वजीर ए३, त्याचा हत्ती बी३, वजीर ए५... बाविसाव्या चालीला तिने हार मानून हात पुढे केला. बाहेर आल्यावर रडली नाही, एवढंच म्हणाली, “आई, घोडा सी३ च्या पुढचं मला काही माहीतच नव्हतं.”

तर प्रश्न असा: एखादा गॅम्बिट तपासताना तुम्ही नेमकं काय बघता? कॉम्प्युटरला विचारावं तर तो जवळपास सगळ्यांनाच नावं ठेवतो. मग कुठला ठेवायचा आणि कुठला टाकायचा, हे ठरवायचं कशावर?

हत्ती_सातव्यावर (रात्री ९:५२)

एंग्लुंड टाका. आजच टाका.

रात्रीचा_ब्लिट्झ (रात्री १०:०५)

इतकं तडकाफडकी नको हो. मी स्टॅफर्ड गॅम्बिट खेळतो. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा एफ६, घोड्याने ई५ खाल्लं, घोडा सी६, तोही खाल्ला, डी प्याद्याने परत मारलं. एक प्यादं कमी. ऑनलाइन व्हिडिओ करणाऱ्या एरिक रोझनने हा लोकप्रिय केला आणि तेव्हापासून अर्धं जग खेळतंय. पांढऱ्याने डी३, मी उंट सी५, आणि त्याने सवयीने उंट जी५ केला की माझा घोडा ई४ खातो. त्याने हावरटपणे वजीर मारला की उंट एफ२ शह, राजा ई२, उंट जी४ मात. वजीर देऊन मात! ही मजा कॉम्प्युटरच्या आकड्यात कुठे दिसते?

अडीचघर (रात्री १०:३१)

@प्यादं_पुढे ताई, तुमचं उत्तर तुमच्या लेकीनेच देऊन टाकलंय. ‘घोडा सी३ च्या पुढचं माहीत नव्हतं.’ गॅम्बिट तपासायचा तो तिथूनच. सापळा जिथे फसतो त्या घरापासून पुढे.

बहुतेकजण उलटं करतात. सापळा लागला की काय होतं ते दहा वेळा बघतात. ते एकदा बघितलं तरी पुरे, मात कोणालाही आवडते. मी पट मांडतो, समोरच्याची सर्वांत चांगली चाल खेळतो, आणि मग इंजिन (चाली सुचवणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) बंद करून स्वतःला विचारतो: आता माझ्याकडे काय आहे? खुली रांग आहे का? समोरचा राजा अडकलाय का? माझी मोहरी बाहेर आहेत आणि त्याची घरात, असं आहे का? यातलं काही उरलं असेल तर प्यादं गेल्याचं दुःख नाही.

आता हेच एंग्लुंडला लावा. वजिराने बी२ खाल्ल्यावर ए१ चा हत्ती मारात आहे. तो वाचवायला डोळ्यांना दोनच चाली दिसतात. उंट सी३ ने वजिरावर हल्ला होतो म्हणून हात तिकडे जातो, आणि त्याच चालीने डाव जातो. घोडा सी३ साधी वाटते, पण बी१ चं घर रिकामं झालं की डी१ च्या वजिराचा ए१ ला आपोआप आधार मिळतो. त्या मुलाने अकरा मिनिटांत हेच बघितलं असणार. आणि त्यानंतर काळ्याकडे काय उरलं? वजीर बी२, ए३, ए५ अशी वणवण, राजा मध्येच, बाकीची मोहरी आपापल्या घरात. दिलेलं प्यादं बी२ वर परत मिळालं, पण त्यापलीकडे हातात काहीच नाही. म्हणून हा गॅम्बिट वाईट. इंजिनने वाईट म्हटलं एवढ्यावरून मी त्याला वाईट म्हणणार नाही.

@रात्रीचा_ब्लिट्झ, तुमच्या स्टॅफर्डमध्ये पांढऱ्याने उंट जी५ ऐवजी नुसता उंट ई२ केला तर?

रात्रीचा_ब्लिट्झ (रात्री १०:३८)

तर मी एच५ ढकलतो आणि घोडा जी४ ला आणून राजावर दबाव ठेवतो.

अडीचघर (रात्री १०:४४)

म्हणजे थोडं तरी उरतं. एंग्लुंडपेक्षा बरं. पण पांढऱ्याने शांतपणे सी३ आणि डी४ करून तुमच्या उंटाला हाकललं की प्यादं कमी ते कमीच. तीन मिनिटांच्या डावात चालेल, नव्वद मिनिटांच्या डावात मी नाही खेळणार.

कोल्हापूरचा_वजीर (रात्री ११:१०)

थोडं अवांतर, पण आमच्या मातीतलं. गॅम्बिट हा शब्द इटालियन ‘गाम्बेत्तो’वरून आलाय. अर्थ पायात पाय घालून पाडणं. स्पेनचा पाद्री रुई लोपेझ याने १५६१ च्या आपल्या पुस्तकात तो बुद्धिबळासाठी वापरला. म्हणजे कुस्तीतली टांगच की राव!

आणि तालमीत टांग शिकवताना वस्ताद पहिली गोष्ट काय सांगतात? टांग मारताना तू स्वतः एका पायावर असतोस. समोरच्याचा तोल आधी हलला नसेल तर आडवा तूच होणार. म्हणून आधी त्याला खेचायचं, हलवायचं, आणि मग टांग. एंग्लुंड म्हणजे सलामी झाल्या झाल्या मारलेली टांग. समोरचा अजून दोन्ही पायांवर घट्ट उभा आहे!

हत्ती_सातव्यावर (रात्री ११:१४)

टांगेची उपमा झकास. +१

सांगलीकर_जुना (रविवार, सकाळी ६:५०)

सकाळच्या चहाबरोबर धागा वाचला. माझं वय आता सत्तरीच्या पुढे. आमच्या सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळाचं वेड घरोघरी पोचवलं, त्या वाऱ्यातच मी वाढलो. तेव्हा इंजिन नव्हतं. परदेशी मासिक एखाद्याकडे यायचं, आणि आम्ही त्यातले डाव वहीत उतरवून घ्यायचो. निळ्या शाईने पांढऱ्याच्या चाली, लाल शाईने काळ्याच्या. ती वही अजून आहे माझ्याकडे. पहिल्या पानावर १८५१ चा लंडनचा अँडरसन-किझेरिट्स्की डाव, ‘अमर डाव’ म्हणतात तो. किंग्ज गॅम्बिट, म्हणजे ई४ ई५, एफ४. एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन उरलेल्या तीन हलक्या मोहऱ्यांनी (एक उंट, दोन घोडे) मात. मी तो डाव तोंडपाठ केला आणि दोन वर्षं किंग्ज गॅम्बिटच खेळत राहिलो.

गॅम्बिट तपासणं म्हणजे काय, हे मला कळलं ते त्याच वहीतल्या दुसऱ्या एका डावामुळे. १९६० मध्ये मार देल प्लाता इथे स्पास्कीने फिशरला किंग्ज गॅम्बिटने हरवलं. फिशरला ते इतकं लागलं की पुढच्या वर्षी त्याने लेखच लिहिला: किंग्ज गॅम्बिट निकालात निघाला, पांढऱ्याने घोडा एफ३ केला की काळ्याने तिसऱ्या चालीला डी६ करावं. आणि तोच फिशर १९६३ च्या अमेरिकन अजिंक्यपदात लॅरी एव्हान्सविरुद्ध पांढऱ्याकडून किंग्ज गॅम्बिट खेळला आणि जिंकला. घोडा एफ३ नाही, उंट सी४ घेऊन. त्या स्पर्धेत तो ११ पैकी ११ डाव जिंकला होता.

त्याने आधी काळ्याच्या बाजूने बसून गॅम्बिट मोडायचा प्रयत्न केला, आणि जी वाट मोडली ती स्वतः कधी धरली नाही. ताई, मुलीला महिनाभर पांढऱ्याकडून एंग्लुंडच्या विरुद्ध खेळवा. तिचं तिलाच कळेल.

प्यादं_पुढे (सकाळी ८:१५)

काका, हे फार आवडलं. आजच करते. निळ्या-लाल शाईच्या वहीचा एखादा फोटो टाकाल का?

दोन_मुलांची_आई (सकाळी ९:०२)

माझा अनुभव वेगळा आहे, सांगायलाच हवा. माझ्या थोरल्याला एका क्लासमध्ये सरांनी सगळे गॅम्बिट एका दिवसात बंद केले. ‘आधी मूलभूत गोष्टी, लंडन सिस्टिमसारखी शांत सुरुवात खेळ, प्यादी सांभाळ.’ आठ महिन्यांत त्याचं रेटिंग थोडं वाढलं, पण पटाजवळ बसायची हौस गेली. आता फुटबॉल खेळतो. खेळू दे, त्याचं वाईट नाही. पण बुद्धिबळावर जीव होता त्याचा. म्हणून ‘आजच टाका’ म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

क्लासवाले_सर (सकाळी १०:२०)

@दोन_मुलांची_आई ताई, तुमच्या मुलाबद्दल वाचून मनापासून वाईट वाटलं. मी स्वतः मुलांना शिकवतो, आणि लहान मुलांनी गॅम्बिट खेळावेतच, या मताचा आहे. प्यादं दिल्याशिवाय वेळेची किंमत कळत नाही. जुन्या पुस्तकांत हिशेब असतो की तीन चालींची आघाडी म्हणजे एक प्यादं. हिशेब ढोबळ आहे, पण मुलाला पटावर मोजायला लावला की त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो.

मात्र गॅम्बिटमध्येही दोन जाती. एकात तुम्ही समोरच्याच्या चुकीची वाट बघत बसता. दुसऱ्यात तुम्हाला रोज काहीतरी मिळत राहतं, तो चुको न चुको. दुसरी जात शिकवा. माझी निवड एव्हान्स गॅम्बिट: ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ उंट सी५, आणि बी४! विल्यम डेव्हिस एव्हान्स नावाच्या वेल्श जहाजी कप्तानाची ही कल्पना. उंटाने प्यादं खाल्लं की सी३ करून एक चाल फुकट मिळते, मग डी४, मग कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा कोपऱ्याकडे नेणं). मधला पट्टा आपला, रांगा खुल्या.

कोणी म्हणेल हे सगळं १९ व्या शतकातलं. तर १९९५ मध्ये रिगाला कास्पारोवने आपल्या आनंदला एव्हान्सनेच २५ चालींत हरवलं होतं.

हत्ती_सातव्यावर (सकाळी १०:४१)

पण सर, एव्हान्सचंही उत्तर आहेच की. जुना जगज्जेता लास्कर, त्याने दाखवलंय. उंट ए५ ला न्यायचा, डी६, आणि उंट बी६ ला परत आणून प्यादं सरळ परत द्यायचं. वजिरा-वजिरी होते आणि काळ्याची प्यादी पांढऱ्यापेक्षा नीटनेटकी. हल्लाबिल्ला काही उरत नाही. गॅम्बिट मोडायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे खाल्लेलं योग्य वेळी परत करणं.

क्लासवाले_सर (सकाळी १०:५८)

बरोबर आहे, आणि म्हणूनच तो मुलांना द्यावा. त्यात समोरच्याला खरोखर विचार करावा लागतो आणि आपल्यालाही. मोडला तरी डाव बरोबरीचा राहतो. एंग्लुंड मोडला की डाव हरलेला असतो. हा फरक मला फार मोठा वाटतो.

पलीकडचा_किनारा (दुपारी १:३०)

इथे न्यू जर्सीत पहाट व्हायची आहे, झोप नाही, म्हणून लिहितो. व्यवसायाने मी संगणकवाला, तेव्हा कॉम्प्युटरची बाजू मांडतो.

ताई, इंजिनचा एक आकडा बघू नका. त्याला पाच ओळी, म्हणजे पाच पर्यायी चाली, दाखवायला लावा. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत अंतर मोठं असेल, तर समोरच्याकडे एकच चाल आहे. मग विचारा, ती चाल शोधायला अवघड आहे का? पाचही ओळी पांढऱ्याला चांगल्या असतील, तर त्याने काहीही केलं तरी तो बरा, आणि तुमचा गॅम्बिट म्हणजे फुकट दिलेलं प्यादं. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर ओपनिंग एक्सप्लोरर (कुठल्या जागी लोक काय खेळले ते दाखवणारं साधन) फुकट आहे, त्यात रेटिंगचा गट निवडता येतो. तुमच्या लेकीच्या रेटिंगचे लोक त्या जागी काय खेळतात ते बघा. मी गॅम्बिटचे असे दोन कागद करतो: लोक काय खेळतात आणि काय खेळायला हवं. दोन्हींत अंतर असेल तिथे संधी आहे. अंतर किती टिकेल हे वेळेवर ठरतं. अकरा मिनिटं दिली तर अकरा वर्षांचं पोरही अंतर पार करतं, हे तुम्ही काचेतून बघितलंच आहे.

आणि एक गोष्ट, गॅम्बिट दुरुस्तही होतो. मार्शलने १९१८ मध्ये न्यूयॉर्कला कापाब्लांकाविरुद्ध रुई लोपेझ (त्या पाद्र्याच्या नावाची ओपनिंग) खेळताना आठव्या चालीला डी५ करून प्यादं दिलं. कापाब्लांकाने ते घेतलं, सगळा हल्ला सोसला आणि डाव जिंकला. तिथेच तो गाडला गेला असता. पण मार्शलने अकराव्या चालीला घोडा एफ६ ला नेला होता, त्याऐवजी पुढे सी६ करून डी५ चा घोडा पक्का करायची कल्पना रुजली, आणि आज मार्शल गॅम्बिट इतका भक्कम आहे की मोठमोठे खेळाडू पांढऱ्याकडून त्याच्यात शिरायचंच टाळतात, आधीच वेगळी वाट धरतात. हरलेला डाव म्हणजे हरलेला गॅम्बिट नव्हे. कुठल्या चालीला बिघडलं तेवढं सापडायला हवं.

तळ्यात_मळ्यात (दुपारी २:१२)

मग क्वीन्स गॅम्बिटचं काय? तो तर सगळे खेळतात, त्यात धोका दिसत नाही.

अडीचघर (दुपारी २:२५)

@तळ्यात_मळ्यात तो नावापुरता गॅम्बिट. डी४ डी५, सी४, काळ्याने सी४ खाल्लं. आता ई३, आणि काळा प्यादं राखायला बी५ करतो. ए४, त्याने सी६ ने आधार दिला, ए प्याद्याने बी५ मारलं, त्याने परत मारलं, आणि वजीर एफ३! ए८ च्या हत्तीवर थेट नजर. निदान एक मोहरा गेलाच. प्यादं परत मिळणारच असेल तर त्यात धोका कसला.

बेंको_भक्त (दुपारी ३:४०)

इतके प्रतिसाद झाले आणि बेंकोचं नाव नाही? डी४ घोडा एफ६, सी४ सी५, डी५ बी५! दोन प्यादी एकामागून एक पुढे, एक कायमचं गेलं. समोर मात नाही, सापळा नाही. ए आणि बी रांगा खुल्या, जी७ ला उंट, आणि दोन्ही हत्ती त्या रांगांवर. वजीर गेले तरी दबाव जात नाही. बाकी गॅम्बिटांत वजिरा-वजिरी झाली की पोटात गोळा येतो, बेंकोत मी स्वतःहून वजीर मारामारीला देतो. अडीचघर म्हणाले ना, सापळा संपल्यावर काय उरतं ते बघा. इथे सापळा नाहीच, जे आहे ते सगळं उरलेलंच!

रात्रीचा_ब्लिट्झ (दुपारी ४:०५)

हे मात्र पटलं. पण बेंकोत हसू येत नाही हो, स्टॅफर्डमध्ये येतं. मी रात्रीचे तीन मिनिटांचे डाव स्टॅफर्डच खेळणार. स्पर्धेचा विषय वेगळा, तिथे तुम्ही म्हणता ते खरं.

दोन_मुलांची_आई (दुपारी ४:३०)

@रात्रीचा_ब्लिट्झ तुम्ही खेळा. हसू येतं हेही लहान कारण नाही.

प्यादं_पुढे (पुढच्या शनिवारी, रात्री ८:५०)

आठवडाभराने येतेय, पण रिकाम्या हाताने नाही.

सांगलीकर काकांचं ऐकून लेकीला पांढऱ्याकडे बसवलं आणि मी एंग्लुंड खेळले. पहिल्याच डावात तिने घोडा सी३ केला, आणि माझी पळापळ सुरू झाल्यावर म्हणाली, “आई, तुझ्याकडे काहीच नाहीये.” दुसऱ्या डावात तेच. तिसरा तिने मांडूच दिला नाही. एंग्लुंड टाक असं मी एकदाही म्हटलं नाही, तिनेच ठरवलं की तो फक्त रविवारी मामाबरोबर खेळायचा.

मग सरांचा एव्हान्स घेतला. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या दादांनी सांगितले तसे दोन कागद केले, ते फ्रिजवर लावलेत. हत्ती_सातव्यावर यांचा लास्करवाला बचाव मी तिच्यावर वापरला: उंट ए५, मग डी६. ती बराच वेळ बघत बसली. तिला दिसलं की आता कॅसलिंग केलं की मी उंट बी६ ला आणून प्यादं परत देणार. तिने कॅसलिंग न करता वजीर बी३ ला आणला. एफ७ वर उंट आणि वजीर दोघांचा मारा. मी एफ७ राखायला वजीर ई७ केला. तिने डी५ ढकललं. माझा घोडा डी४ ला गेला, मारामारी झाली, आणि तिचा वजीर ए४ वर, शह! राजाला शह आणि ए५ चा माझा उंट उघड्यावर. उंट गेला. या वेळी ‘सी१!’सारखी आरोळी नाही आली. तिने वहीत चाल लिहिली आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

सांगलीकर_जुना (रात्री ९:०५)

शाब्बास पोरी! वहीचा फोटो उद्या नक्की टाकतो, तिच्यासाठी.

अडीचघर (रात्री ९:१२)

सुरेख. वजीर बी३ हीच तिथली खरी चाल आहे. पण ताई, वजीर ई७ मध्ये तुम्ही हरलात. काळ्याने वजीर ई७ ऐवजी डी७ केला तर? दिसायला बेढब, स्वतःच्याच उंटाची वाट अडवतो, पण बचाव तोच. सापळा तिथे फसतो. तिथून पुढे बघितलं का?

प्यादं_पुढे (रात्री ९:२०)

तिथेच अडलोय. ती म्हणते ई५ खाऊन रांग उघडायची, मी म्हणते आधी कॅसलिंग. पट तसाच मांडून ठेवलाय टीपॉयवर, कोणाला हात लावू देत नाहीये. सकाळी उठल्यावर तिथूनच सुरू करायचंय.